पेटी बदलली, राखण तपासली का?



शेतकऱ्याचा अपघाती मृत्यू झाला की गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून वारसांना २ लाख रुपये मिळतात. २०२३ पासून ही योजना या स्वरूपात चालू आहे आणि तिची प्रकरणे तालुका कृषी कार्यालयाकडे येतात. त्यामुळे शॉक लागून गेलेल्या माणसांचे कागद आम्हा कृषी खात्याच्या लोकांच्या हाताखालून जातात. सातबारा असतो, मृत्यूचा दाखला असतो, शवविच्छेदनाचा अहवाल असतो, पोलीस पंचनामा असतो. पंचनाम्यात एक ओळ असते : मोटर चालू करण्यास गेले असता विजेचा धक्का बसून मयत. पण त्या पेटीत शेवटचा बदल कधी झाला, कोणी केला आणि बदल केल्यावर पेटीतली सुरक्षा चालते की नाही हे कुणी पाहिले का, याबद्दल त्या कागदावर एक अक्षर नसते.

माझ्या मते खरी गोष्ट तिथेच दडलेली असते. नवी कोरी पेटी बसवली जाते तेव्हा ती बहुधा बरोबर असते, कारण ती कंपनीतून जुळवून आलेली असते. घोटाळा होतो तो नंतर. मोटर बदलली, वायर वाढवली, पेटी दुसरीकडे हलवली, मोबाईल स्टार्टर जोडला, कॅपॅसिटर टाकला. प्रत्येक बदल आपापल्या जागी योग्यच असतो. मात्र जी सुरक्षा जुन्या मांडणीसाठी लावली होती ती नव्या मांडणीतही राखण करेल, हे आपण गृहीत धरतो आणि तपासत नाही.

राखण हा शब्द मी मुद्दाम वापरतो, कारण तो आपल्याला कळतो. शाळूवर पाखरं बसू नयेत म्हणून माळ्यावर राखणदार ठेवतो, तसे पेटीत चार-पाच राखणदार बसवलेले असतात. फ्यूज शॉर्ट झाल्यावर वितळतो. ओव्हरलोड रिले मोटरने जादा करंट ओढला की काही वेळाने तोडतो. नो-व्होल्ट कॉईल लाईट गेली की स्टार्टर सोडते, म्हणजे लाईट आल्यावर मोटर आपोआप सुरू होत नाही. प्रिव्हेंटर एक फेज गेला की मोटर बंद करतो. अर्थिंग आणि आरसीसीबी माणसाचा जीव वाचवतात. माळ्यावरचा राखणदार झोपला तर पाखरं कणसावर बसलेली लांबूनही दिसतात. पेटीतला झोपला तर काहीच दिसत नाही. मेलेला रिले आणि जिवंत रिले बाहेरून सारखेच. मोटर तशीच घुमते, पाणी तसेच पडते. ज्या दिवशी त्याची गरज लागते त्याच दिवशी तो नाही हे कळते, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

एका मळ्यात मी विचारले, "तात्या, ओव्हरलोड कितीवर ठेवलाय?"

"ते वायरमनला ठावं. मोटर चालतीया न्हवं साहेब, मग झालं की."

मोटर चालते, यावरून मोटर चालते एवढेच सिद्ध होते.

आता आपल्याच भागातले बघू. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये वारणा आणि पंचगंगा पात्राबाहेर आल्या. निलेवाडी, खोची, जुने पारगाव या वारणाकाठी आणि रुई, इंगळी, चंदूर या पंचगंगाकाठी नदीवरच्या मोटरी आणि पेट्या पाण्यात गेल्या. पाणी ओसरल्यावर मोटरी काढल्या, वाइंडिंग केल्या, पेट्या उन्हात वाळवल्या आणि ऊस वाळू नये म्हणून मिळेल त्या सामानाने लाईन जोडली. पुढे शहाण्या लोकांनी पेट्या पूररेषेच्या वर, उंचावर नेल्या. हे चांगलेच केले. पण पेटी वर गेली आणि अर्थिंगचा खड्डा खालीच राहिला, असे तुमच्याकडे तर झाले नाही ना? वर नेलेल्या पेटीला जुन्या खड्ड्यापासून बारीक तारेचा जोड दिला असेल आणि तो जोड बैलाच्या पायात किंवा ट्रॅक्टरच्या फाळात तुटला असेल, तर पेटीच्या पत्र्याला राखण उरलेली नाही.

दुसरी गोष्ट सहसा लक्षात येत नाही. वायर लांबली आणि तीही कमी जाडीची असली, तर शेवटच्या टोकाला शॉर्ट झाल्यावर वाहणारा करंट कमी होतो, कारण वायरच त्याला अडवते. करंट कमी म्हणून फ्यूज वितळायला वेळ लागतो. म्हणजे फ्यूज तोच, तार तीच, किटकॅट तेच, पण आधी जो डोळ्याचे पाते लवेपर्यंत तोडायचा तो आता रेंगाळतो. फ्यूजला कोणी हात लावला नाही तरी फ्यूजचे काम बदलले. बदल एकीकडे करायचा आणि परिणाम दुसरीकडे व्हायचा, असा हा प्रकार आहे. म्हणून ज्या भागाला हात लावला तेवढाच बघून भागत नाही.

पुरात बुडालेल्या रिलेविषयी एक शब्द. गाळाचे पाणी शिरलेला ओव्हरलोड रिले वाळवून परत बसवू नये, नवा घ्यावा. वाइंडिंगच्या खर्चापुढे त्याची किंमत काहीच नाही.

मोटर बदलण्याचा विषय त्याहून बारीक आहे. ४१५ व्होल्टवर ५ हॉर्सपॉवरची मोटर पूर्ण भारावर साधारण साडेसात अँपिअर घेते, साडेसातची साधारण ११, आणि १० ची १४ च्या आसपास. नेमका आकडा मोटरच्या नावाच्या पट्टीवर कोरलेला असतो आणि ओव्हरलोडची चकती त्या आकड्याला जुळवायची असते. मोठी मोटर बसवली तर रिले सारखा तोडतो, शेतकरी वैतागतो, वायरमन येऊन चकती वाढवतो. इथे निदान कुणीतरी चकतीकडे बघितले. पण १० ची काढून साडेसातची बसवली तर? ती गुण्यागोविंदाने चालते. चकती १४ वरच राहते. मोटर ११ ची, राखणदार १४ चा. पंपात दगड अडकला, बेअरिंग धरले, मोटर १३ अँपिअर घेऊ लागली तरी हा राखणदार शांत बसून राहतो आणि मोटर जळते. लहान मोटर म्हणजे जास्त सुरक्षित, ही समजूत इथे उलटी पडते.

त्यात पुन्हा साधा स्टार्टर काढून स्टार-डेल्टा बसवला की हिशेब बदलतो. बहुतेक स्टार-डेल्टा पेट्यांत रिले अशा जागी असतो की त्यातून लाईनच्या पूर्ण करंटपैकी फक्त ५८ टक्के जातो. म्हणजे १४ अँपिअरच्या मोटरला चकती सुमारे ८ वर हवी. जुन्या सवयीने १४ वर ठेवली तर त्या मोटरला ओव्हरलोडच नाही असे समजा. तुमची पेटी स्टार-डेल्टा असेल तर आजच वायरमनला एवढा एक प्रश्न विचारा. त्याने हसण्यावारी नेले तर दुसरा वायरमन बघा.

आता मोबाईल स्टार्टर. रात्रीची पाळी असते, ओढ्याकाठी साप-विंचू असतात, बिबट्या दिसल्याच्या बातम्या येतात. अशा वेळी घरबसल्या मोटर चालू करता येणे ही मोठी सोय आहे आणि मी स्वतः ती सुचवतो. पण तो डबा जुन्या पेटीला जोडताना काय होते ते नीट समजून घ्या. ओव्हरलोड रिलेवर ९५ आणि ९६ असे दोन आकडे लिहिलेले दोन स्क्रू असतात. स्टार्टरच्या कॉईलची तार त्या दोघांतून जाते. रिलेने तोडायचे ठरवले की तो ९५-९६ चा जोड उघडतो, कॉईल सुटते आणि मोटर थांबते. नवा डबा जोडणाऱ्याने घाईत तार सरळ कॉईलला नेली, ९५-९६ ला वळसा घातला, तर रिले आपले काम इमानाने करेल, आतल्या आत टिक् आवाजही येईल, पण मोटर चालूच राहील. राखणदार ओरडतोय आणि घरात कुणाला ऐकू जात नाही, असली गत. काही ठिकाणी तर डब्याचा जोड असा घेतलेला असतो की पेटीवरचे लाल बटण दाबले तरी मोटर थांबत नाही, मोबाईलवरूनच थांबवावी लागते. विहिरीत माणूस उतरला आहे, पायाला काही अडकले, वरच्याने लाल बटण दाबले आणि मोटर थांबली नाही, तर त्या वेळी मोबाईल कुणाच्या खिशात असेल आणि रेंज असेल का?

तिसरी खोच अशी की बऱ्याच रिलेंवर हाताने रीसेट आणि आपोआप रीसेट अशा दोन जागा असतात. साध्या बटणाच्या पेटीत आपोआप ठेवले तरी मोटर स्वतःहून सुरू होत नव्हती, कारण हिरवे बटण दाबावे लागे. मोबाईल डबा किंवा ऑटो स्विच आला की तो जोड कायमचा धरून ठेवतो. मग रिले तोडतो, थंड होतो, परत जोडतो, मोटर परत सुरू, परत गरम. वाइंडिंग जळेपर्यंत हा खेळ चालतो. ऑटो स्विचबद्दल महावितरण वर्षानुवर्षे सांगत आहे की तो काढा आणि कॅपॅसिटर बसवा, कारण लाईट आल्याबरोबर सगळ्या मोटरी एकदम उठतात आणि डीपीवर ताण येतो. डीपीचे ते बघतील. पण नो-व्होल्ट कॉईल जी राखण करत होती तिलाच ऑटो स्विच निष्प्रभ करतो, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते. फूटव्हॉल्व्ह साफ करायला माणूस खाली असताना लाईट येऊ शकते.

दोन फेजवर कॅपॅसिटर लावून मोटर चालवण्याचा उद्योग तर सगळ्यांना ठाऊक आहे. त्यासाठी प्रिव्हेंटर बाजूला काढतात. तिसरा फेज आला की कॅपॅसिटर काढतात, पण प्रिव्हेंटर तसाच बाजूला राहतो. पुढे कधीतरी चालू मोटरचा एक फेज जातो, उरलेल्या दोन फेजांत करंट जवळजवळ पावणेदोन पट होतो आणि मोटर जळते. मग म्हणायचे, कंपनीची मोटर खराब.

इथे एक कडू गोष्ट बोलायला हवी. २०२४ पासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या शेतीपंपांना बिल माफ आहे. तेव्हापासून कागदावर साडेसात आणि विहिरीवर दहा, हा मोह आणखी वाढतो. बिलाचे काय ते महावितरण आणि तुम्ही बघा. पण डीपीवरचा फ्यूज कागदावरच्या भाराला धरून असतो. खरा भार जादा झाला की तो उडतो, उडाला की कुणीतरी तारेचे दोन पेड जादा घालतो, पुन्हा उडाला की आणखी दोन. शेवटी त्या डीपीवर फ्यूज नावाची जी वस्तू उरते ती पोळीच्या लाटण्याइतकी निरुपद्रवी असते. त्या डीपीखाली सगळ्यांची शेते आहेत, खोटा आकडा लिहिणाऱ्याचीही आणि खरा लिहिणाऱ्याचीही.

कडबाकुट्टीचेही असेच. हाताने फिरवायच्या कुट्टीला फारशी राखण नसायची, कारण फिरवणारा माणूसच राखण होता. वैरण घालणाऱ्याने 'अगं आई' म्हटले की चाक थांबायचे. त्याच यंत्राला पट्टा लावून दोन हॉर्सपॉवरची मोटर जोडली की ती राखण गेली, आणि तिच्या जागी दुसरी कुणी बसवली नाही. मोटर जोडणारा फिटर पट्टा ताणून बघतो, पाती घासून देतो. पट्ट्याला जाळी, आणि वैरण घालणाऱ्याच्या हाताशी पोचणारा बंद करायचा खटका, हे मात्र कुणी मागत नाही. मळणी यंत्रांपुरता केंद्राने १९८३ साली धोकादायक यंत्रांचा कायदा केला. त्यामागे तुटलेल्या हातांचाच इतिहास आहे. पण यंत्र गावात आल्यावर माल भराभर जावा म्हणून त्याचा पाट कापून आखूड केला, तर कायदा तिथे हजर नसतो.

हे सगळे फक्त आपल्या अडाणीपणामुळे होते असे कुणी समजू नये. मोठमोठ्या इंजिनिअरांच्या कारखान्यांतही नेमके हेच झाले आहे. इंग्लंडमध्ये फ्लिक्सबरो येथे एका रासायनिक कारखान्यात ओळीने सहा टाक्या होत्या. पाचव्या टाकीला चीर गेली म्हणून ती काढली आणि चौथी व सहावी जोडायला मधे एक वळणाचा पाईप बसवला. टाक्यांची तोंडे २८ इंचांची, पाईप २० इंचांचा. त्याचे रीतसर रेखाचित्र झाले नाही, कार्यशाळेच्या जमिनीवर खडूने आकृती काढली. बसवल्यावर दाब देऊन तपासला, पण ९ किलोपर्यंतच. सेफ्टी व्हॉल्व्ह उघडायचा होता ११ किलोला. म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्ह ज्या दाबाला राखण करायला येणार, तिथवर हा पाईप टिकतो का हे कोणी पाहिलेच नाही. दोन महिने कारखाना चालला. १ जून १९७४ ला पाईप फुटला आणि २८ माणसे गेली. शनिवार होता म्हणून एवढ्यावर निभावले, एरवी कार्यालयात माणसे भरलेली असती.

आणि आपले भोपाळ. १९८४ च्या २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री काय झाले हे सांगायला नको. पण त्याच्या आधी काय काय बदलले होते ते फार थोड्यांना ठाऊक आहे. विषारी द्रव थंड ठेवणारी शीतयंत्रणा त्याच वर्षी जूनमध्ये बंद केली होती. टाकीचे तापमान ११ अंशांच्या वर गेले तर इशारा व्हावा अशी सोय होती. शीतयंत्रणा बंद झाल्यावर तापमान नेहमीच त्याच्या वर राहू लागले आणि तो इशारा कामाचा उरला नाही. वायू जाळून टाकणाऱ्या मशालीचा पाईप दुरुस्तीसाठी काढलेला होता. दोन वेगळ्या नळांना जोडणारा एक नवा पाईपही त्याच वर्षी टाकलेला होता. कागदावर राखणदार चार होते. प्रत्येक बदलाच्या वेळी कुणीतरी म्हटले असेल, तात्पुरतेच आहे, चालतंय की.

यातून जगाने जो धडा घेतला तो आज नियम म्हणून लिहिलेला आहे. प्रक्रिया उद्योगांतल्या सुरक्षा यंत्रणांसाठी आयईसी ६१५११ नावाचे आंतरराष्ट्रीय मानक २००३ साली निघाले, २०१६ साली सुधारले. त्यात सुरक्षेचे मूल्यांकन पाच टप्प्यांवर करायला सांगितले आहे आणि पाचवा टप्पा खास बदलानंतरचा आहे. बदल करण्याआधी त्याचा परिणाम कुठे कुठे होईल ते लिहून काढायचे, बदल केल्यावर यंत्रणा खरोखर तोडते का ते चालवून पाहायचे, आणि हे मूल्यांकन बदल करणाऱ्यांच्या बाहेरच्या माणसानेही बघायचे. आपल्या देशात भोपाळनंतर १९८९ साली घातक रसायनांचे नियम आले. त्यानुसार ज्या कारखान्याला सुरक्षा अहवाल द्यावा लागतो, त्याने त्या अहवालातल्या गोष्टींवर परिणाम होईल असा बदल करण्याआधी ९० दिवस नवा अहवाल द्यायचा असतो. बॉयलरच्या बाबतीत तर हा विचार शंभर वर्षांचा आहे. १९२३ च्या बॉयलर कायद्याच्या कलम १२ मध्ये मुख्य निरीक्षकाच्या लेखी मंजुरीशिवाय बॉयलरच्या रचनेत फेरफार करू नये असे लिहिले होते. २०२५ साली त्या कायद्याची जागा नव्या बॉयलर कायद्याने घेतली.

बॉयलरचे नाव काढले ते उगाच नाही. आपल्या तालुक्यात हुपरी-यळगूडला जवाहर, नरंद्याला शरद, गंगानगरला पंचगंगा अशी साखर कारखानदारी आहे. यातल्या कुठल्या कारखान्यात काही खोट आहे असे मला म्हणायचे नाही. पण कुठल्याही साखर कारखान्यात बदल होतात ते एप्रिल ते सप्टेंबर या ऑफ सीझनमध्ये. गाळप क्षमता वाढते, टर्बाइन बदलते, सहवीजनिर्मिती वाढते, केन कॅरियरची गती वाढते. मग बॉयलर अग्निप्रदीपनाचा कार्यक्रम होतो, नारळ फुटतो आणि हंगाम सुरू होतो. सहकारी कारखान्याचे सभासद म्हणून वार्षिक सभेत आपण दर विचारतो, साखरेचे वाटप विचारतो, उतारा विचारतो. त्याच सभेत एक प्रश्न विचारायला काय हरकत आहे : यंदाच्या ऑफ सीझनला जे जे बदलले, त्यानंतर कॅरियर थांबवायची दोरी, मिलचे इंटरलॉक आणि बॉयलरचे पाण्याच्या पातळीचे ट्रिप प्रत्यक्ष चालवून पाहिले का, आणि त्याची नोंद कुठल्या वहीत आहे? आत काम करणारी पोरं आपलीच आहेत. शिरोलीच्या एमआयडीसीत प्रेसवर आणि भट्टीवर उभी राहणारीही आपलीच आहेत. घरी आल्यावर त्यांनाही विचारा की नवा साचा बसवल्यावर दोन हातांची बटणे आणि पुढची जाळी परत लावतात का.

आता तुमच्या-माझ्या हातातले. वायरमनकडून किंवा परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून कुठलाही बदल करून घेतला की त्याला पैसे देण्याआधी अर्धा तास थांबवायचे. झाकण उघडायचे आणि आत हात घालायचे काम त्याचे, आपण लांब उभे राहून बघायचे. पहिल्यांदा मोटर चालू असताना लाल बटण : थांबली पाहिजे. मग मोटर चालू करून ओव्हरलोड रिलेवरचे टेस्टचे बटण : स्टार्टर पडला पाहिजे. पडला नाही तर ९५-९६ ला वळसा घातला आहे हे समजावे. मोबाईल डबा असेल तर या दोन्ही गोष्टी मोटर मोबाईलवरून चालू करूनही बघायच्या, कारण बटणावर पास होणारी पेटी मोबाईलवर नापास होते. रिले पडल्यावर पाच-दहा मिनिटे थांबायचे, मोटर आपोआप उठते का बघायचे. वायरमनने मेन स्विच बंद करून एक फ्यूज काढावा, परत मेन चालू करावा आणि मोटर चालू करायचा प्रयत्न करावा. प्रिव्हेंटर जागा असेल तर ती घेणार नाही. मग चिमटा मीटरने करंट मोजायचा, मोटरच्या पट्टीवरचा आकडा वाचायचा आणि चकती बघायची. आरसीसीबी असेल तर त्याचे टेस्ट बटण दाबायचे, महिन्याला एकदा दाबत राहायचे. मात्र त्या बटणाने आरसीसीबी तपासला जातो, अर्थिंग नाही. अर्थिंगसाठी मीटर लावावा लागतो. माणसाचा जीव वाचवायचा तर आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा हवा. मोठ्या आकड्याचा स्वस्त मिळाला म्हणून बसवू नये.

सबमर्सिबल खाली-वर केला किंवा पंप बदलला की पाणी संपल्यावर तोडणाऱ्या ड्राय रनची सेटिंगही नव्याने लावावी लागते, हे सांगायचे राहिले होते. ते विक्रेत्याकडूनच करून घ्या.

आणि पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक पुठ्ठा चिकटवा. त्यावर तारीख, काय बदलले, मोटर किती अँपिअरची, चकती कितीवर, फ्यूज तार कुठली, कोणी बदलले, कोणी तपासले. एक वायरमन गेला आणि दुसरा आला तर त्याला आधीच्याने काय केले हे कळायला दुसरा मार्ग नाही. आज ते सगळे ज्याच्या त्याच्या डोक्यात असते आणि डोके सुगीला दुसऱ्या गावाला गेलेले असते.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे वेळ कुणाला आहे. पाळी आठ तासांची, त्यात अर्धा तास तपासायला. मान्य आहे. पण हा अर्धा तास रोजचा नाही, बदल केला त्या दिवसाचा आहे. आणि वाइंडिंगला मोटर गेली की चार-पाच दिवस पाणी बंद असते, ते आपण निमूटपणे सोसतोच की.

पाणीपुरवठा संस्थांच्या संचालकांना माझे वेगळे सांगणे आहे. तुमच्या जॅकवेलवर पन्नास-शंभर हॉर्सपॉवरच्या मोटरी आहेत आणि त्यांच्यामागे शेकडो एकर ऊस आणि एक ऑपरेटर आहे. तो ऑपरेटर एकटा असतो, रात्री असतो आणि पंप बंद पडला की शिव्या त्यालाच बसतात. त्यामुळे सारखा तोडणारा रिले बांधून ठेवायचा मोह त्याला होतो. पेटीत काडी अडकवलेली दिसली तर त्याच्यावर ओरडण्याआधी रिले का तोडत होता ते शोधा. आणि हंगाम सुरू होण्याआधी, गाळ काढून मोटरी परत बसवल्यावर, बाहेरच्या माणसाकडून तपासणी करून घ्या. ज्याने बसवले त्यानेच पास करायचे, ही रीत शाळेतही चालत नाही.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांच्याकडेही नळपाणी योजनेची पेटी असते, दिवाबत्तीची असते, शाळेच्या बोअरची असते. यातली शाळेची सगळ्यात आधी बघा. दुरुस्तीचे बिल मंजूर करताना बिलाबरोबर तपासणीची नोंद मागितली तर त्यासाठी वेगळा ठराव लागत नाही.

शेवटची विनंती पोलीस पाटील आणि पंचनाम्याला पंच म्हणून बसणाऱ्यांना आहे. पंचनाम्यात दोन वाक्ये जादा लिहून घ्या. या पेटीत शेवटचा बदल कोणत्या तारखेला झाला होता, आणि त्यानंतर तपासणी झाली होती काय. उत्तर 'माहीत नाही' असे आले तरी तसेच लिहा. सध्या वारसांना २ लाख मिळतात आणि फाईल बंद होते. ती पेटी मात्र दहाव्या-बाराव्या दिवशी भाऊ किंवा मुलगा पुन्हा चालू करायला जातो, कारण ऊस वाळत असतो.